मागच्या वाटेनं जाणारा मामा

आमच्या गावात माझ्या मामाला सगळे ओळखत, आणि तो समोरून येताना दिसला की सगळे दुसरीकडे बघत. बायका पदर पुढे ओढून घेत. कडेवर मूल असलं तर त्याचं तोंड खांद्यात दाबत. दुकानदार तराजूकडे बघायला लागे, तराजूत काही नसलं तरी. हे मी इतक्या लहानपणापासून पाहत आले की बरीच वर्षं मला वाटायचं, मामालोकांशी असंच वागतात.

गाव डहाणूच्या किनाऱ्यालगतचं. चिकूच्या वाड्या, मधे मधे भाजीचे वाफे, वाड्यांच्या पलीकडे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. आमचं घर आणि मामाचं घर एकाच आळीत होतं. मामा आईचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही. आजोबांच्या मागे राहिलेलं घर आणि लहानशी वाडी, तिच्यावर त्याचं एकट्याचं पोट चाले. पण त्याचा खरा उद्योग वेगळाच होता. तो आजारी माणसांजवळ बसायचा.

बसायचा म्हणजे नुसता बसायचा नाही. डॉक्टर डहाणूहून टांग्यानं यायचे, छातीला नळी लावायचे, औषध लिहून द्यायचे आणि हात धुऊन निघून जायचे. त्यानंतर जे उरतं ते सगळं मामाचं. रोग्याला कूस बदलून देणं, अंग पुसणं, खालचं फडकं काढणं, पेज भरवणं, दाढी करणं, नखं कापणं. पाठीला जखमा होऊ लागल्या की तो केळीचं कोवळं पान शेकून, तेलाचा हात लावून अंथरुणावर पसरायचा. टाचांखाली घालायला भाताच्या कोंड्याच्या उश्या त्यानं स्वतः शिवल्या होत्या. घरात शिरला की आधी खिडक्या उघडायचा आणि मग रडणाऱ्यांना बाहेर काढायचा.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. दुसरा भाऊ नव्हता, आई आळीतच पण लग्न होऊन सासरच्या कामात अडकलेली. आजोबा पुष्कळ वर्षं तसेच पडून होते. ते गेले आणि आजीनं अंथरूण धरलं. आजी गेली तेव्हा मामाच्या डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि त्याच्या लग्नाचं कोणी बोलेनासं झालं होतं. हाताला मात्र वळण लागलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी मामाला हाक मारली. मग पुढच्या आळीनं मारली. मग दुसऱ्या गावांनी.

रोग्याशी तो आजाराचं बोलायचाच नाही. तो त्यांना सल्ला विचारायचा. "वांग्यावर कीड पडलीय, काय करू?" किंवा "विहिरीच्या कडेला लिंबू लावू की फणस?" ज्याला पाणी गिळवत नाही अशा माणसाला हा विचारायचा की औंदा मिरची कुठे लावू. आणि ती माणसं सांगायची! कपाळाला आठ्या घालून, दम खात खात, दोन दिवस विचार करून सांगायची. मामा तसंच करायचा, हीच तर गंमत. त्याच्या वाडीत पपईला सावली होईल अशा जागी आंबा होता, आळूचा वाफा वाटेच्या मधोमध होता, आणि एक नारळ असा लावलेला की पुढे तो थेट गोठ्याच्या कौलांवर कलला. मी विचारलं, "मामा, हे झाड इथं कशाला?" तर म्हणायचा, "मधल्या आळीच्या आजोबांनी सांगितला. शेवटी शेवटी फार विचार करून सांगितला त्यांनी." माझे वडील त्या वाडीला वेड्यांचा बाजार म्हणायचे. मला ती आवडायची.

आता लोक त्याच्याकडे का बघत नसत ते सांगते, कारण ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे मामाला बोलवायची वेळ ठरलेली होती. आधी घरचे काढे व्हायचे, मग भगत, मग डॉक्टर, मग महालक्ष्मीला नवस. सगळं करून थकले, डॉक्टरांनी मान हलवली, की मग मामाकडे निरोप. तोवर करण्यासारखं काही राहिलेलंच नसायचं. मामा जायचा, माणूस चांगल्या अंथरुणात, स्वच्छ अंगानं, दोन गोष्टी बोलून जायचा. आणि लोक काय म्हणायचे? मामा आला आणि माणूस गेला. स्वतः उशीर करायचे आणि खापर त्याच्यावर फोडायचे. बरी झालेली माणसंही होती, नाही असं नाही. पण बरा झालेला माणूस देवाच्या कृपेनं बरा व्हायचा. मेलेला मात्र मामाच्या पायगुणानं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोलणार कसं? उद्या गरज लागणारच होती. मामाचा अपमान कोणी केला नाही, त्याच्या ताटात कोणी कमी वाढलं नाही. फक्त सुखाच्या दिवशी तो कोणाला डोळ्यांसमोर नको असायचा.

मी सात-आठ वर्षांची असेन. मामा आणि मी बाजारातून येत होतो. त्याच्या काखेत केळीच्या कोवळ्या पानांची गुंडाळी होती, कोणाकडे तरी जायचं होतं त्याला. समोरून वाजंत्री ऐकू आली. वरात होती. मामानं माझा हात धरला आणि मला ओढत सुरूच्या झाडांमागे नेलं. आम्ही तिथं उकिडवे बसलो. मला वाटलं लपाछपी. मी खुदखुदू लागले तेव्हा त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. नवरदेव गेला, बैलगाड्या गेल्या, वाजंत्री लांब गेली, तरी तो उठला नाही.

"आपण कशाला लपलो?" मी विचारलं.

"त्यांच्या वाटंत नको यायला."

"का?"

"असाच गो."

घरी जाऊन मी आईला सांगितलं. आई चुलीपुढे होती. तिनं नुसतं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "हे तुझ्या बाबांना सांगू नको." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सगळ्यांच्या मामांच्या बाबतीत असं होत नाही.

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा घेऊन जातो. गौरीहरापुढे बसलेल्या मुलीचा हात मामानं धरायचा आणि मांडवात आणायचं. तो मान मामाचाच. मी लहान असताना मामा मला चिडवायचा, "जास्ती भात खाऊ नको, मलाच तुला मांडवात न्यायचा हाय. जड झालीस तर गाडी बोलवावी लागंल." त्या वरातीनंतर त्यानं हे चिडवणं बंद केलं. मी मात्र सोडलं नाही. उठता बसता सांगायची, मला मांडवात नेणार तो माझा मामाच. मला वाटे, त्या एका दिवशी सगळ्या गावाला त्याच्याकडे बघावं लागेल. अंतरपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे न बघून करणार काय!

एका जागी मात्र त्याच्याकडे सगळे बघत. तलासरीच्या बाजूला एक पाडा होता, टेकडीच्या उतारावर विखुरलेली वारली लोकांची घरं. तिथल्या एका म्हाताऱ्याला मामानं सांभाळलं होतं. म्हातारा गेला होताच, तिथंही काही चमत्कार झाला नव्हता. पण त्या घरात लग्न निघालं तेव्हा त्याचा मुलगा चालत आमच्या गावापर्यंत आला आणि मामाला बोलावून गेला. मामानं मला बरोबर नेलं. मी तेव्हा दहा-बारा वर्षांची. एसटीनं तलासरी, मग पुढे पायी, वाळलेल्या गवताच्या माळावरून. गवताच्या गाठी भरलेल्या गाड्या समोरून येत होत्या आणि मामा प्रत्येक गाडीवानाला हाक मारत होता. गावात हा माणूस कोणाला हाक मारत नसे.

पाड्यावर त्याला थेट लग्नघरात नेलं, भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढला होता त्याच्या पुढ्यात बसवलं. नवरी त्याच्या समोरून गेली, हळद लावलेला नवरा गेला. कोणी तोंड फिरवलं नाही. मी एका म्हातारीला विचारलंच. लहानपणापासून माझं तोंड असंच आहे. म्हटलं, "आमच्याकडे मामाला लग्नाला बोलवत नाहीत. तुम्ही कसं बोलवलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमचे डोकऱ्याला यानंच सांभाळला," ती म्हणाली. "यो लग्नाला नाय तं कोन?"

मामा त्या दिवशी ताडी प्यायला, तारपा वाजायला लागल्यावर फेरात शिरला, पायांची चूक झाली की सगळ्या बायका हसायच्या आणि तोही हसायचा. मी त्याला असं हसताना नंतर कधी पाहिलं नाही. परत येताना एसटीतून उतरल्यावर तो मुकाट्यानं मागच्या वाटेला लागला, वाड्यांच्या कुंपणांमागून जाते ती. मोठ्या रस्त्यानं तो गावात कधी शिरतच नसे. मला इतका राग आला की मी एकटी मोठ्या रस्त्यानं गेले. पोचलो दोघंही एकाच वेळी.

महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले त्यानंतर लवकरच माझं लग्न ठरलं. मुलगा वाणगावचा, घर खाऊनपिऊन सुखी, माणसं चांगली. खोट एवढीच की त्या घरातही मामा जाऊन आला होता. मुलाच्या आजोबांजवळ तो बसला होता आणि नंतर एका चुलत्याजवळही. दोघंही गेले होते.

बोलणी करायला आलेल्या बायकांत माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या. चहा झाला, सुपारी झाली, आणि त्या अगदी सहज म्हणाल्या, "मुलीला चुलत मामाही आहेत ना?"

वडील म्हणाले, "आहेत की."

आईनं कपबशा गोळा केल्या. मी आतून ऐकत होते. पाहुणे गेल्यावर मी बाहेर आले आणि म्हटलं, "माझा मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. त्यांना तसं कळवा." वडील ओरडले. आत्या म्हणाली, ही पोरगी सासरी नांदायची नाही. आईनं मला जवळ घेतलं नाही की रागावलीही नाही. ती देवापुढे जाऊन बसली. तिचा सख्खा भाऊ आणि तिची मुलगी, दोन्हीकडून तिची ओढाताण होत होती, हे मला दिसत होतं, पण मी हटणार नव्हते. ताट पुढे आलं की मी उठून जायची.

शेवटी मामाच आला. मागच्या दारानं. मी विहिरीजवळ बसले होते, तिथं येऊन कठड्याला टेकला.

"जेवत नाय म्हनं तू."

"तू येणार की नाही ते सांग."

"चुलत मामा पन मामाच ना गो."

"तू येणार की नाही?"

तो विहिरीत बघत राहिला. मग म्हणाला, "येतो."

"शपथ?"

"येतो बोललो ना. आता जेव."

मी जेवले. वडिलांनी वाणगावला काय कळवलं ते मला माहीत नाही, पण लग्न मोडलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी गौरीहरापुढे बसले होते. डोळे मिटून तांदूळ वाहायचे असतात, पण माझं सगळं लक्ष दाराकडे. बाहेर भटजींचा आवाज चढत चालला होता. कोणीतरी "मामांना बोलवा, मामांना बोलवा" म्हणत होतं. पायांचा आवाज आला. मी उठून उभी राहिले. दारात चुलत मामा होते. जरीची टोपी घालून, घामानं डबडबलेले, तोंडात सुपारी. मी त्यांच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"चल पोरी, मुहूर्त टळेल," ते म्हणाले. बिचारे भले गृहस्थ होते. त्यांनी माझा हात धरला आणि मी चालू लागले. मांडवात एवढी माणसं होती आणि मला असं वाटत होतं की रिकाम्या अंगणातून मी एकटीच चाललेय. मंगलाष्टकं कुठली झाली, अक्षता कधी पडल्या, मला काही आठवत नाही. फोटोत मी रडतेय. सगळ्यांना वाटलं, सासरी जाणार म्हणून.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आमच्या वाडीत काम करणारी बाई मला भेटायला आली. ती वाडीच्या टोकाला झोपडीत राहायची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुझा मामा तवा आमचे झोपडीत बसलेला. लगीन लागंपरत. नवा धोतर नेसून आलता. मी बोलली, जा ना, वाजाय लागला. तं बोलला, जातो, जातो. आन् बसूनच रेला."

नवं धोतर नेसून तो निघाला होता म्हणजे. आमच्या कुंपणापर्यंत आला होता. मी मनाशी पक्कं करून टाकलं की त्याला कोणीतरी अडवलं. वडिलांनी, आत्यानं, नाहीतर वाणगावच्या कोणी तरी. मामाला विचारायला गेले तर तो घरी नव्हता, कासाच्या बाजूला कोणाजवळ तरी बसायला गेला होता. मग मी विचारलंच नाही. सासूबाईंवर मात्र डूख धरला. त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, खरं सांगायचं तर आईपेक्षा जास्त हौस केली त्यांनी माझी. पण त्यांनी माझ्या केसात गजरा माळला की मला त्यांचं ते "चुलत मामाही आहेत ना" आठवायचं.

काही वर्षांनी मला दिवस राहिले, आणि त्याच वेळी सासूबाईंना विषमज्वर झाला. ताप उतरेना. त्या बरळायला लागल्या. माझ्या नवऱ्यानं मला न विचारता मामाला निरोप धाडला, डॉक्टरांनी मान हलवायची वाट न बघता. एवढ्यासाठी मी त्या माणसाला सगळं माफ केलं.

मामा आला. मागच्या दारानं आला, कोंड्याच्या उश्या आणि पानांची गुंडाळी घेऊन. मी पुढे झाले तर त्यानं ओसरीवरूनच हात केला. "तू इकडं येऊ नको. तुझी खोली त्या टोकाला ना? तिकडंच राहा." मला वाटलं, तापाचा संसर्ग. बरोबरच होतं ते. तो सासूबाईंच्या खोलीत राहिला, तिथंच जेवला, तिथंच निजला. मी दाराबाहेरून विचारायची, तो आतून उत्तर द्यायचा. एकाच घरात असून मला त्याचं तोंड दिसलं नाही. आतून त्याचा आवाज यायचा, "आक्का, आमच्या वाडीत पेरू लावावा म्हनतो. कुठं लावू?"

सासूबाई वाचल्या. उठून बसल्या, पेज प्यायल्या, आणि पहिल्यांदा काय बोलल्या असतील तर, "मामांना सांगा, पेरू पाण्याच्या पाटापासून लांब लावा." मामा त्याच दिवशी निघून गेला. माझा निरोपही न घेता.

मग माझा मुलगा झाला. बारशाच्या आधी सासूबाई स्वतः, अशक्त होत्या तरी, बैलगाडी जुंपून मामाच्या घरी गेल्या. मी थक्क झाले. त्यांनी परत येऊन सांगितलं, "हात जोडून बोलावून आलेय. म्हटलं, मामा, माझी चूक झाली. पाळण्याजवळ तुम्हीच बसायचं." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. इतक्या वर्षांचा माझा राग त्या दिवशी गेला. आता अडवणारं कोणी नव्हतं. मामाची जागा राखून सतरंजीवर पाट मांडला होता.

तो आला नाही.

मला काही कळेना. पाट रिकामा राहिला, बायका गाणी म्हणत होत्या, बाळाच्या कानात नाव सांगून झालं. बारसं आटोपल्यावर मी बाळंतपणाची सगळी बंधनं झुगारून, बाळाला घेऊन नवऱ्याबरोबर माहेरी आले. नवऱ्याला आईकडे बसवलं आणि बाळाला उराशी धरून एकटीच मामाच्या घरी गेले. भर दुपार होती. मामा ओटीवर सुंभ वळत बसला होता. मला बघून उठला आणि आत जाऊ लागला.

"थांब," मी ओरडले. "कोण अडवतंय तुला आता? सासूबाई येऊन गेल्या. हात जोडून गेल्या. माझ्या लग्नात कोणी अडवलं होतं ते तरी सांग."

तो माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात उभा होता. "कोनी नाय अडवला."

"मग?"

"मीच नाय आलो."

हातातला सुंभ त्यानं उंबऱ्यावर ठेवला. मग तसाच, पाठमोरा, बोलला. "मी किती लोकांचे डोले मिटले, तुला ठाऊक नाय. सगळ्यांनी जाताना मलाच बघितला गो. शेवटचा. त्यांच्या त्या बघन्यात काय असतो, ते मी बघितलाय. ते माझ्या डोल्यांत राहिला असंल तर? तू नवरी होतीस. आता हा एवढासा जीव. त्यानं मला कशाला बघायचा?"

मी तिथंच ओटीच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं मी गावावर जळत होते, वडिलांवर, आत्यावर, सासूबाईंवर. माझी खात्री होती की निदान मामाला तरी ठाऊक आहे की ते सगळं खोटं आहे. मला वाटायचं, लोकांच्या भित्रेपणाला मान देऊन तो बाजूला होतो. तर तो स्वतःच ते खरं धरून चालला होता. सुरूच्या झाडांमागे बसला तेव्हाही. नवं धोतर नेसून झोपडीत बसला तेव्हाही. आणि असं असूनही ज्यांना त्याची गरज लागली त्यांच्याकडे तो जातच राहिला. त्याच्या घरात तो किती एकटा होता हे मला माहीत होतं. त्याच्या मनात तो किती एकटा होता ते मला त्या दुपारी कळलं.

"झोपलाय का?" त्यानं विचारलं.

"झोपलाय."

तेव्हा तो वळला. हळूच जवळ येऊन वाकला आणि बाळाकडे बघायला लागला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बाळानं हात झटकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि डोळे उघडले. मामानं त्याच क्षणी आपले डोळे घट्ट मिटून घेतले.

"उघड डोळे, मामा."

"नको."

मी बाळाला त्याच्या हातांत कोंबलं. काय करणार होता? घेतलं त्यानं. त्याच्या हातांना सगळं येत होतं, मानेखाली तळवा, पाठीखाली कोपर. पण डोळे मिटलेलेच. बाळ त्याच्याकडे टक लावून बघत होतं. मी रडत होते आणि त्याला शिव्या देत होते. बऱ्याच वेळानं त्यानं अंदाजानं हात पुढे करून बाळ मला परत दिलं आणि म्हणाला, "आता जा. ऊन उतरायच्या आत पोच."

त्यानंतर मी त्याला दोन-तीनदा निरोप धाडले. प्रत्येक वेळी तो कोणाजवळ तरी बसायला गेलेला असायचा. मग मुलाच्या दुखण्या-खुपण्यांत, घरच्या कामांत माझंही जाणं राहिलं.

दुसऱ्या वर्षी थंडीत तो गेला. काही दिवस ताप होता म्हणे. कोणाला सांगितलं नाही. आळीतल्या लोकांना, आईलासुद्धा, वाटलं, गेला असेल कुठं तरी, नेहमीप्रमाणे. आमच्या वाडीतली ती बाई अंडी द्यायला गेली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. डोळे उघडे होते ते तिनं मिटले.

मी पोचले तेव्हा त्याला ओटीवर आणलं होतं. मी आत गेले. सगळ्या घरांत मामा रोग्याची खाट दाराकडे तोंड करून लावायचा. आलेलं माणूस दिसावं, म्हणजे वाट बघणाऱ्याला बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची खाट उलटी होती. दाराकडे पाठ, तोंड भिंतीकडे. जमिनीवर शेणाच्या सारवणात खाटेच्या पायांचे ओरखडे होते. तापाच्या अंगानं, एकट्यानं ओढून त्यानं ती फिरवली होती, दारातून येणाऱ्यावर आपली नजर पडू नये म्हणून.

कोणीतरी येईल असं त्याला वाटत होतं. आणि आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं.